नेल ग्लू: नखापेक्षा नखाबाहेरचा धोका मोठा

नाशिकहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बावीस वर्षांची असून तिचा साखरपुडा मे महिन्यात झाला. त्यासाठी ऑनलाइन मागवलेली प्रेस-ऑन नखे (वरून चिकटवायची तयार कृत्रिम नखे) तिने घरीच नेल ग्लूने चिकटवली. चिकटवताना ग्लू मांडीवर सांडला, अंगात सुती लेगिंग होती, आणि तिथे रुपयाएवढा फोड आला. त्याचा काळपट डाग अजून आहे. नखे ओढून काढली तेव्हा खालची खरी नखे कागदासारखी पातळ झाली होती आणि त्यांचे पापुद्रे सुटत होते. त्यानंतरही तिने दोनदा नखे लावली. गेल्या पंधरा दिवसांपासून तिच्या पापण्यांना खाज सुटते आणि त्या सुजतात. लग्नाला साडेतीन महिने आहेत. "बाटलीवर सायनो असा शब्द वाचून मला सायनाईडची भीती वाटते. हा ग्लू विषारी आहे का, आणि लग्नात तिला नखे लावू द्यावीत का?" असे त्या विचारतात.

तुमच्या प्रश्नात खरे तर तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणे वेगळी आहेत. मांडीवरचा फोड म्हणजे भाजणे आहे, नखे पातळ झाली ती बहुतांशी ओढून काढल्यामुळे, आणि पापण्यांची खाज ही बहुधा ॲलर्जी आहे. गेली सव्वीस वर्षे मी त्वचारोगांवर उपचार करते आहे आणि या तिन्हींपैकी मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पापण्यांची. फोड भरून येतो, नख नवे उगवते, पण ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा जन्मभर सोबत राहते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते; आधी सायनाईडचा प्रश्न घेते, कारण तो मनातून गेल्याशिवाय बाकीचे नीट वाचले जाणार नाही.

नेल ग्लूमधला मुख्य घटक बहुतेक वेळा इथाइल सायनोॲक्रिलेट असतो. घरात तुटलेली कपबशी किंवा चपलेचा अंगठा चिकटवायला जो झटपट ग्लू आपण वापरतो, त्यातही हेच रसायन असते. नावात सायनो आहे कारण त्याच्या रेणूत कार्बन आणि नायट्रोजन यांची एक जोडी आहे. पण ती रेणूला घट्ट बांधलेली असते आणि नखावर ग्लू सुकताना ती सुटून सायनाईड तयार होत नाही. या रसायनाचा गुण १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर यांच्या लक्षात आला. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हाती आलेला हा पदार्थ जिथे तिथे चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला होता. १९५१ साली तो पुन्हा हाताळला गेला आणि १९५८ साली डिंक म्हणून बाजारात आला. म्हणजे मुळात हा कारखान्यातला डिंक आहे, आणि आज तो लिपस्टिक-काजळाच्या शेजारी मांडला जातो म्हणून त्याचा स्वभाव बदललेला नाही. माझा सगळा आग्रह एवढाच आहे की ज्या सावधगिरीने आपण तो चपलेला लावू, निदान तेवढ्या तरी सावधगिरीने तो बोटांजवळ आणावा.

याच कुळातले ऑक्टाइल आणि ब्युटाइल हे भाऊबंद रुग्णालयात जखमेच्या कडा जोडायला वापरतात. लहान मुलाच्या कपाळावरची खोक टाके न घालता अशी चिकटवलेली तुम्ही पाहिली असेल. त्यावरून काही जण घरचा ग्लू किंवा नेल ग्लू कापलेल्या बोटावर लावतात. तसे करू नये. वैद्यकीय ग्लूच्या रेणूची साखळी लांब असते, त्यामुळे सुकताना उष्णता कमी निघते आणि तो अंगावर हळूहळू विघटित होतो. इथाइल प्रकार लवकर विघटित होतो, त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखी दाह करणारी द्रव्ये सुटतात, आणि बाटलीतला ग्लू निर्जंतुक तर नसतोच.

सायनाईडची भीती जिथे खरोखर लागू होते ती जागा वेगळी आहे, आणि ती मुद्दाम सांगते. कृत्रिम नखे काढण्याच्या काही जुन्या रिमूव्हरमध्ये ॲसिटोनायट्राइल नावाचे द्रावण असे. ते पोटात गेले की शरीर हळूहळू त्याचे सायनाईडमध्ये रूपांतर करते, आणि लक्षणे कित्येक तासांनी दिसतात, म्हणून घरच्यांना सुरुवातीला सारे ठीक वाटते. अमेरिकेत १९८०च्या दशकात असे रिमूव्हर प्यायल्याने लहान मूल दगावल्याची नोंद आहे. युरोपात सौंदर्यप्रसाधनांमध्ये त्याला बंदी आहे. ॲसिटोन हे नेहमीचे रिमूव्हर वेगळे आणि ॲसिटोनायट्राइल वेगळे. नावे सारखी असल्याने गल्लत होते. ज्या बाटलीवर घटकांची यादीच नाही, असे रिमूव्हर घरात ठेवू नका. भारतात २०२०च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार वेष्टनावर घटक छापणे सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे, त्यामुळे यादी नसलेली बाटली दुकानदाराला परत करायला संकोच करू नका.

आता मांडीवरच्या फोडाकडे वळते. कपडा अंगात असताना ग्लू सांडून भाजू शकते, हे माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते, आणि म्हणूनच यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. नेल ग्लू हवेने सुकत नाही. त्याला ओलावा मिळाला की त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात, आणि या जोडणीत उष्णता बाहेर पडते. नखावर एक थेंब लावला तर ही उष्णता क्षुल्लक असते, फार तर बोटाला ऊब जाणवते. सुती कापडाचे गणित निराळे आहे. कापसाच्या तंतूंमध्ये ओलावा मुरलेला असतो, तंतूंचे जाळे प्रचंड पसरलेले असते आणि पातळ ग्लू त्यात क्षणात झिरपतो. त्यामुळे जी जोडणी नखावर सावकाश झाली असती ती कापडात सगळीकडे एकदमच होते आणि सगळी उष्णता काही सेकंदांत बाहेर येते. लोकर आणि चामडे यांच्या बाबतीतही असेच घडते. ६० अंश सेल्सिअसचे पाणी काही सेकंदांत त्वचा खोलवर भाजू शकते, हे लक्षात घेतले की असा तापलेला कापडाचा तुकडा अंगाला घट्ट चिकटून बसला तर काय होईल याची कल्पना येते.

माझ्या दवाखान्यात मी हे एकदा एका कॉलेजच्या मुलीला आणि तिच्या वडिलांना दाखवले होते, कारण वडिलांचा विश्वास बसत नव्हता. ग्लूने भाजले असे सांगून मुलगी काही तरी लपवते आहे असे त्यांना वाटत होते. स्टीलच्या वाटीत कापसाचा छोटा बोळा ठेवला, खिडकी उघडली आणि चिमट्याने धरलेल्या बाटलीतून पाच-सहा थेंब टाकले. मोजून तीन-चार सेकंद काहीच झाले नाही. मग बोळ्यातून पांढरा धूर निघाला, डोळ्यांना झोंबणारा वास आला, आणि बोळा दगडासारखा कडक झाला. वाटीचा तळ बाहेरून हाताला गरम लागत होता. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. हा प्रयोग घरी करू नये, त्या धुराने डोळे आणि घसा दोन्ही चुरचुरतात. मी तो इथे लिहिला तो अशासाठी की घरातल्या कोणाला शंका आली तर मुलीला खोटे ठरवले जाऊ नये.

त्या मुलीची लेगिंग तिच्या आईने पिशवीतून आणली होती. मांडीच्या जागी नखाच्या आकाराचा पांढरा, काचेसारखा कडक डाग होता आणि त्याच्या मागच्या बाजूला त्वचेचा पातळ पापुद्रा चिकटलेला होता. भाजल्यावर घाबरून तिने लेगिंग खस्सकन ओढली होती, आणि तिथली भाजलेली त्वचा कापडाबरोबर निघून आली होती. उष्णतेने झालेल्या इजेत ओढण्याने भर पडली. म्हणून पहिला नियम असा की कापड चिकटले असेल तर ओढू नका. त्यावर ताबडतोब नळाचे साधे पाणी सोडा आणि ते वीस मिनिटे सोडत राहा. कापड सहज सुटत असेल तर काढा. सुटत नसेल तर चिकटलेल्या भागाभोवती कात्रीने कापून बाकीचा कपडा काढा आणि तो तुकडा डॉक्टरांना काढू द्या. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतले काहीही लावू नका. जागा पांढरट पडली असेल आणि तिथे फारसे दुखत नसेल तर समाधान मानू नका. भाजण्यात दुखणे कमी म्हणजे इजा खोल, असे बऱ्याचदा असते. लहान मूल असेल, किंवा भाजलेली जागा चेहऱ्यावर, हातावर अथवा जांघेत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे.

यातून लावण्याच्या पद्धतीविषयी एक साधी गोष्ट निघते. ग्लू लावताना मांडीवर टॉवेल किंवा ओढणी अंथरतात, सांडलेला थेंब कापसाने टिपतात, आणि या दोन्ही सवयी नेमक्या उलट्या आहेत. टेबलाशी बसा, खाली प्लास्टिकचा कागद अंथरा, आणि सांडले तर कापूस, टिश्यू किंवा ओढणी याने टिपू नका. अंगावरच्या कपड्यावर थेंब पडला तर गरम लागण्याची वाट न पाहता कापड अंगापासून लांब धरा आणि पाणी ओता. बाटलीचे टोपण घट्ट बसले असेल तर दातांनी उघडू नका. हवामानाचाही यात थोडा हात आहे. कोकणातल्या दमट हवेत ग्लू पटकन बसतो, सोलापूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो वेळ घेतो, आणि बसत नाही म्हणून माणूस आणखी ओततो.

डोळ्यांचा धोका तुमच्या प्रश्नात नाही, तरीही तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नेल ग्लूची बाटली आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली हातात घेऊन पाहा: दोन्ही अंगठ्याएवढ्या, दोन्हींना निमुळते तोंड, दोन्हींना फिरकीचे टोपण. घरात आजी असते, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असते, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात आणि नेमका चष्मा हाताशी नसतो. अशा घरात नातीची ग्लूची बाटली आरशाच्या फळीवर राहणे ही अपघाताची पूर्वतयारीच म्हणावी लागेल. डोळ्यातल्या ओलाव्यामुळे ग्लू क्षणात घट्ट होतो आणि पापण्या एकमेकींना चिकटतात. त्या जबरदस्तीने उघडू नका. आतल्या कडक कणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा खरचटतो. कोमट पाण्याची बारीक धार पंधरा मिनिटे सोडा, ओला स्वच्छ कपडा ठेवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. ॲसिटोन डोळ्याजवळ मुळीच नेऊ नका, तेलही घालू नका. चिकटलेल्या पापण्या बहुधा काही दिवसांत आपोआप सुटतात, कधी पापण्यांचे केस कातरून सोडवतात. पण आत इजा झाली आहे का, हे यंत्रातून पाहूनच ठरवता येते.

तोंडात गेला तर लाळेने ग्लूचा खडा होतो. तो दाताला किंवा जिभेला चिकटलेला असेल तर उपटू नका, एक-दोन दिवसांत लाळेने सुटतो. लहान मुलाच्या घशात खडा अडकण्याची भीती असते, त्यामुळे श्वासाचा थोडाही त्रास दिसला तर १०८ला फोन करा. बोटे एकमेकांना चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवा, खोबरेल तेल चोळा आणि चमच्याच्या बोथट कडेने हलकेच फिरवत सोडवा.

नखांविषयी मला थोडे धीराचेच बोलता येते. नखाचा दिसणारा भाग मृत असतो. तो केसासारखाच केराटिनचा बनलेला असतो, आणि ग्लू त्याच्या वरच्या थरात फारसा खोल जात नाही. नुकसान करतात त्या आगेमागेच्या दोन गोष्टी. लावण्याआधी ग्लू धरावा म्हणून नख खरखरीत फाईलने घासतात, त्यात वरचे थर जातात. आणि काढताना घाईने उचकटतात, त्यात ग्लूबरोबर उरलेले थर सोलून निघतात. तुमच्या मुलीचे तेच झाले आहे. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे पूर्ण नवे यायला पाच-सहा महिने लागतात. आज थांबली तर लग्नापर्यंत नखाचा बराचसा भाग नवा, निरोगी आलेला असेल. तोवर नखे आखूड ठेवावीत, भांडी घासताना हातमोजे वापरावेत, रात्री नखांना आणि कडेच्या त्वचेला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळावे. नखे वाढवण्याच्या गोळ्या म्हणून बायोटिन विकले जाते. सोललेले नख त्याने जोडले जात नाही, आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात, म्हणून मी ते सहसा देत नाही.

नखाखाली पोकळी राहिली तर मात्र गोष्ट निराळी होते. कृत्रिम नख एका कडेने सुटते, आत पाणी शिरते, कणीक मळताना, कपडे धुताना ते दिवसभर ओले राहते. त्यात जंतू वाढतात, आणि स्यूडोमोनास नावाच्या जंतूमुळे नख हिरवट-काळे दिसू लागते. लोक त्याला बुरशी समजून महिनोन्‌महिने बुरशीचे औषध घेतात. नखाच्या मुळाशी असलेली त्वचेची पातळ कड ही खरे तर दरवाजाची फट बुजवणारी पट्टी आहे. सौंदर्यासाठी ती मागे ढकलली किंवा कापली की नखुर्डे होण्याची वाट मोकळी होते. नखुर्ड्याचा ठणका ज्यांनी सोसला आहे त्यांना अधिक सांगायला नको. सुटलेल्या नखाच्या फटीत पुन्हा ग्लू ओतून ते बसवणे ही यातली सर्वांत वाईट सवय, कारण ओलावा आणि जंतू दोन्ही आत कोंडले जातात. रुग्णसेवेत असलेल्या व्यक्तींनी कृत्रिम नखे वापरू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शनात सांगितले आहे, ते याच कारणाने. मुलगी परिचारिका किंवा वैद्यकीय विद्यार्थिनी असेल तर तिच्यासाठी प्रश्न इथेच संपतो.

आता पापण्यांविषयी. नखाला लावलेल्या गोष्टीचा त्रास पापणीला का, असे प्रत्येक जण विचारतो. बोटांच्या टोकांची त्वचा जाड असते, पापणीची शरीरात सर्वांत पातळ. आपण दिवसभर नकळत चेहऱ्याला, डोळ्यांना, मानेला हात लावतो, आणि नखावरची न सुकलेली द्रव्ये किंवा ग्लूची वाफ तिथे पोहोचते. त्यामुळे बोटे धडधाकट दिसतात आणि पापण्या मात्र लाल, खरखरीत, सुजलेल्या असतात. ही ॲलर्जी लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी उमटते. शिवाय पहिल्या एक-दोन वापरांत काहीच होत नाही, कारण शरीर तोवर त्या रसायनाची ओळख करून घेत असते. "आधी दोनदा लावली तेव्हा काही झाले नव्हते" हे वाक्य म्हणूनच ॲलर्जीच्या विरोधातला पुरावा ठरत नाही. उलट तुमच्या मुलीच्या बाबतीत घडलेला क्रम अगदी तसाच आहे.

पूर्वी सायनोॲक्रिलेटची ॲलर्जी दुर्मीळ मानली जाई, कारण ते त्वचेच्या वरच्या थरालाच चिकटून घट्ट होते आणि आत उतरत नाही असे समजत. ती सर्रास नसली तरी आढळते. जेल पॉलिश आणि ॲक्रिलिक एक्स्टेंशनमधील मेथॅक्रिलेट वर्गाची ॲलर्जी त्याहून जास्त दिसते, विशेषतः हेमा (HEMA) या घटकाची. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने ॲक्रिलेट वर्गाला (मेथॅक्रिलेटही याच कुळातले) २०१२ सालचे वर्षातले ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारे द्रव्य, म्हणून निवडले होते, आणि २०१८ साली ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरगुती जेल किटविषयी जाहीर इशारा दिला होता. या द्रव्यांची ॲलर्जी गंभीर का मानायची, तर ती केवळ नखांपुरती राहत नाही. दातांत भरायच्या सिमेंटमध्ये, गुडघा बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्ये, मधुमेहींच्या दंडावर लावायच्या ग्लुकोज सेन्सरच्या चिकट पट्टीत याच मोठ्या कुळातली रसायने असतात. बावीसाव्या वर्षी हौसेने लावलेल्या नखांमुळे पन्नाशीत शस्त्रक्रियेआधी एक जास्तीचा प्रश्न उभा राहू शकतो. असे प्रत्येकीला होते असे मी म्हणत नाही, आणि नीट घट्ट झालेले दातांचे सिमेंट बहुधा त्रासही देत नाही. पण ॲलर्जी सिद्ध झाली तर दंतवैद्याला आणि शल्यचिकित्सकाला ती आवर्जून सांगावी लागते.

अंगाला लागणारा डिंक किती दूरवर परिणाम करतो, हे आपल्याकडच्या बायकांना टिकलीमुळे ठाऊक आहे. टिकलीच्या डिंकातल्या एका फिनॉल-वर्गीय द्रव्याने रंगपेशी मरून कपाळावर पांढरा डाग पडलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. रसायन वेगळे, यंत्रणाही वेगळी. पण इतका छोटा ठिपका काय करणार, हा समज दोन्हीकडे सारखाच असतो.

मुलीची पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर निरनिराळी द्रव्ये अल्प प्रमाणात पट्ट्यांवर लावतात, दोन दिवसांनी पट्ट्या काढून पाहतात, मग चौथ्या दिवशी पुन्हा आणि शक्य असल्यास आठवड्याने एकदा पाहतात, कारण ॲक्रिलेटची प्रतिक्रिया कधी उशिरा उमटते. त्या दिवसांत पाठ भिजवता येत नाही आणि घाम आला की पट्ट्या सुटतात, त्यामुळे भर उन्हाळ्यात ही तपासणी करणे कठीण जाते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की इथाइल सायनोॲक्रिलेट आणि हेमा या दोन्हींची तपासणी हवी आहे, कारण नेहमीच्या संचात ती असतीलच असे नाही. नखांचा वापरलेला ग्लू आणि त्याचे खोके सोबत न्या, पण घरी स्वतः हातावर लावून तपासू नका. ती साधे नेलपॉलिश वापरत असेल तर तेही सांगा. त्यातल्या राळेनेही पापण्यांना अगदी असाच त्रास होतो.

तपासणी होईपर्यंत पापण्यांवर मेडिकलमधून मागून आणलेले कोणतेही मलम लावू नका. आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे चिठ्ठीशिवाय सहज मिळतात आणि दोन दिवसांत खाज थांबल्याने ती महिनोन्‌महिने लावली जातात. पापणीवर त्यांनी त्वचा विरते, आणि डोळ्याचा दाब वाढणे किंवा मोतीबिंदू होणे इथवर मजल जाऊ शकते. साध्या पाण्याने चेहरा धुवा, व्हॅसलीनचा पातळ हात द्या, आणि पुढचे औषध तपासून घ्या.

पार्लरमध्ये दिवसभर हे काम करणाऱ्या मुलींविषयीही इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. एका मुलीच्या बोटांची टोके दोन वर्षे उलत होती, तिच्यावर गजकर्ण समजून उपचार झाले होते, आणि निदान झाले तेव्हा तिला हातातली कला सोडावी लागली. घरी तीच कमावती होती. सायनोॲक्रिलेटच्या वाफेने काम करणाऱ्यांना दमा झाल्याच्या नोंदी आहेत. एसीच्या बंद केबिनमध्ये खिडकी नसताना हे काम करू नये, टेबलाजवळ हवा बाहेर ओढणारा पंखा हवा. साध्या रबरी हातमोज्यांतून ॲक्रिलेट काही मिनिटांत आरपार जाते. नायट्राइलचे मोजे त्यापेक्षा बरे, पण तेही वरचेवर बदलावे लागतात.

राहिला लग्नाचा प्रश्न. माझे उत्तर स्पष्ट आहे: पापण्यांचे निदान होईपर्यंत ग्लूने चिकटवलेली, जेलची किंवा ॲक्रिलिकची, कोणतीही नखे लावू नयेत. दुहेरी चिकट पट्टीने काही तासांपुरती बसवायची नखे मिळतात. त्यांत सांडण्याचा, भाजण्याचा आणि डोळ्यात जाण्याचा धोका नसतो, म्हणून निरोगी मुलींना मी तो पर्याय सांगते. पण त्या पट्टीचा डिंकही ॲक्रिलेट-वर्गीय असू शकतो, त्यामुळे तुमच्या मुलीसाठी तोही तपासणीनंतरच. साध्या मेंदीला हरकत नाही. काळी मेंदी मात्र लावू देऊ नका, तिच्यातल्या पीपीडी या रंगद्रव्याची ॲलर्जी फार तीव्र असते आणि ऐन लग्नात हात फोडांनी भरतात.

आत्ता बोटांवर एखादे नख उरले असेल तर ते उचकटू नका. कोमट साबणाच्या पाण्यात थोडे तेल घालून दहा-पंधरा मिनिटे बोटे बुडवा आणि लाकडी काडीने कडेकडेने सैल करा. दाद देत नसेल तर कडेच्या त्वचेला व्हॅसलीन लावून ॲसिटोनचा बोळा नखावर ठेवा. ॲसिटोनची वाफ झटकन पेट घेते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा देवघरात समई तेवत असताना करू नका, आणि ॲसिटोन लवकर काम करावे म्हणून ते कधीही गरम करू नका. मांडीवरच्या डागाला उन्हापासून जपा. गव्हाळ त्वचेवर असे डाग फिके व्हायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि घासल्याने किंवा लिंबू चोळल्याने ते अधिक गडद होतात. उरलेली ग्लूची बाटली खोक्यासह एका डब्यात घालून मुलांच्या हाताबाहेर ठेवा, औषधांच्या कपाटात नव्हे आणि फ्रिजच्या दारातही नव्हे. पॅच टेस्टच्या दिवशी ती सोबत लागेल.